जर्मनची कार्डं: इंग्रजी काढून टाकली तेव्हापासून

आखाजीच्या सुट्टीत मी माझ्या जर्मन कार्डांवरची इंग्रजी पूर्ण काढून टाकली. तोवर सगळे करतात तेच मी करत होतो, एका बाजूला जर्मन शब्द आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी अर्थ. पुस्तकं तशीच असतात, अ‍ॅपवर तयार मिळणारे गठ्ठेही तसेच. ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, त्यावर निभावलं. ए-टूला, म्हणजे त्यापुढच्या पातळीला, शब्द अंगावर यायला लागले आणि मी सगळी कार्डं मराठीत नव्याने लिहायला बसलो. आता भरताच्या वांग्यांचा हंगाम आलाय. मधल्या काळात शब्द बसण्याचा वेग इतका बदलला की सविस्तर नोंद करावीशी वाटतेय, विशेषतः आपल्यापैकी जे मराठी घरात राहून युरोपातली एखादी भाषा करताहेत त्यांच्यासाठी.

आधी साधनांबद्दल थोडक्यात. खानदेशात लग्नपत्रिकांना तोटा नाही. जाड पत्रिकेचा कोरा भाग कापला की एकीतून चार कार्डं सहज निघतात. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पुठ्ठ्याचे आडोसे घालून पाच कप्पे केले आहेत. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात जातं. बरोबर आठवलं तर पुढच्या कप्प्यात, चुकलं तर कुठूनही थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, पुढचे क्रमाने जास्त जास्त अंतराने. ही पद्धत झेबास्टियान लाइटनर यांनी 1972 मध्ये मांडली. कार्ड दुसऱ्या कप्प्याच्या पुढे सरकलं की मी ते फोनवर अँकी या उजळणीच्या अ‍ॅपमध्ये टाकतो. पुढचं अंतर अँकी ठरवतं, मग मला हिशेब ठेवावा लागत नाही.

हे अंतराचं गणित किती खरं आहे हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने 1885 मध्येच दाखवून दिलं होतं, तेही स्वतःवर प्रयोग करून. अर्थ नसलेली अक्षरं तो पाठ करायचा आणि काही काळाने तीच पुन्हा पाठ करायला किती कमी मेहनत लागते ते मोजायचा. वीस मिनिटांनी सुमारे 58 टक्के मेहनत वाचायची, एका तासाने 44, एका दिवसाने 34, आणि 31 दिवसांनी 21. घसरण सगळ्यात जास्त पहिल्या तासातच होते. म्हणून मी नवे शब्द अमळनेर स्टेशनवर गाडीची वाट बघताना वाचतो, आणि धरणगाव सुटलं की कार्ड न उलटता एकेक शब्द आठवून बघतो. पाळधीनंतर गिरणेचा पूल येईपर्यंत दुसरा फेरा होतो. गर्दीत उभं राहूनही हे जमतं. नुसतं वाचत बसण्यापेक्षा न बघता आठवण्याचा प्रयत्न जास्त कामाचा आहे, आणि आठवायला थोडा त्रास झाला तर तो शब्द जास्त पक्का बसतो.

आता मुख्य मुद्दा. मराठी माणूस इंग्रजीतून जर्मन करतो तेव्हा तो आपल्या हातात आधीच असलेली बरीच सामग्री बाहेर ठेवून वर्गात शिरतो. केनेन आणि व्हिस्सन या दोन क्रियापदांना इंग्रजीत एकच शब्द आहे, म्हणून पुस्तकं त्यावर पानभर समजावत बसतात. मी कार्डावर ‘ओळखणे’ आणि ‘माहीत असणे’ लिहिलं आणि विषय संपला. ‘मिअर इस्ट काल्ट’ इंग्रजीतून बघितलं तर विचित्र वाटतं. मराठीत ‘मला थंडी वाजतेय’ म्हणताना आपणही ‘मला’पासूनच सुरुवात करतो. ‘तू’ आणि आदरार्थी ‘तुम्ही’ यांतला फरक तर आपल्याला कुणी शिकवावाच लागत नाही.

आकड्यांत सगळ्यात मोठा फायदा झाला. एकवीसला जर्मनमध्ये आइन-उंड-त्स्वान्त्सिश, म्हणजे आधी एक, मग वीस. आपलं एकवीस, बावीस, पंचवीस याच क्रमाने बांधलेलं आहे. इंग्रजीत आधी वीस येतो. मी आकडे इंग्रजीतून वळवत होतो तोवर कुणी जर्मनमध्ये फोन नंबर सांगितला की दोन-दोन आकड्यांच्या जोड्या माझ्या हातून सुटायच्या. मराठी आकड्यावरून थेट जर्मनवर जायला लागलो आणि ती अडचण काही आठवड्यांत गेली. वेळेचंही तसंच. ‘हाल्ब द्राय’ म्हणजे अडीच वाजले. शब्दशः ‘अर्धे तीन’ असल्यामुळे इंग्रजीवाले साडेतीन समजून गाडी चुकवतात. आपला अडीच हा शब्दही ‘अर्धतृतीय’वरूनच आलाय, तिसरं अर्धं भरलेलं या अर्थाने. दीडला जर्मनमध्ये आंडर्टहाल्ब, त्यातही ‘दुसरं अर्धं’ आहे, आणि आपला दीड संस्कृत ‘द्व्यर्ध’पासून. हे कळल्यावर ही दोन कार्डं मला पुन्हा उलटावी लागली नाहीत.

जोडशब्दांना मी आता घाबरत नाही. क्रांकनहाउस म्हणजे रुग्ण अधिक घर, आपलं रुग्णालय. हांटशू म्हणजे हातमोजा, फक्त त्यांनी हाताला मोज्याऐवजी बूट घातलाय. भुईमुगाच्या शेंगदाण्याला एर्डनुस, त्यातही भुई आहेच. जोडशब्दाचं लिंग शेवटच्या तुकड्यावरून ठरतं. देवघर, माजघर, स्वयंपाकघर ही सगळी ‘ते’, कारण घर ‘ते’. जर्मनमध्ये तो, ती, ते म्हणजे डेर, डी, डास. डास हाउस, म्हणून डास क्रांकनहाउस. एक तुकडा पाठ केला की दहा शब्द ओळखीचे होतात.

आणि आता लिंग. जर्मनमध्ये तीन लिंगं, मराठीतही तीन. पुष्कळ ठिकाणी ती जुळतात. घर, पुस्तक, पाणी, मूल, गाव, सोनं हे आपल्याकडे ‘ते’ आणि तिकडेही ‘डास’. चंद्र दोन्हीकडे ‘तो’. असे शब्द फुकटात मिळतात, त्यांच्या कार्डावर मी कोपऱ्यात फक्त बरोबरची खूण करतो. जिथे जुळत नाहीत तिथे मेहनत, आणि त्यासाठी एक युक्ती मला इतकी लागू पडली की या नोंदीतून दुसरं काही घेतलं नाही तरी चालेल, ही घ्या. जर्मन लिंग मराठी शब्दाला लावायचं आणि मोठ्याने वाक्य म्हणायचं. ‘ती सूर्य तापली.’ ‘तो नदी आटला.’ ‘ते खिडकी उघडं आहे.’ ‘तो खुर्ची मोडला.’ ‘ती दूध नासली.’ ‘ती कापूस भिजली.’ मराठी कान अशा वाक्याला ताबडतोब अडखळतो. तो अडखळला की शब्द लक्षात राहिलाच म्हणून समजा. डी झोन्ने, डेर फ्लुस, डास फेन्स्टर, डेर श्टूल, डी मिल्श, डी बाउमव्होल्ले. यातला एकही मी रंगाने, तक्त्याने किंवा घोकून पाठ केलेला नाही. जुळणाऱ्या शब्दांना ही युक्ती लावू नका, तिथे उगाच गोंधळ होईल.

घरात हे मोठ्याने म्हणायला लागलो तशी धाकटी दर वेळी दुरुस्त करायची, ‘पप्पा, तो सूर्य!’ आता तिला खेळ कळलाय. ती चमचा उचलून विचारते, मी ‘तो’ म्हणतो. काटा उचलते, मी ‘ती काटा’ म्हणतो. सुरी उचलते, मी ‘ते सुरी’ म्हणतो. डेर ल्योफेल, डी गाबेल, डास मेसर. एका ताटाभोवती तिन्ही लिंगं आहेत.

प्रत्ययांचे नियम वेगळे पाठ केले, कारण त्यांत अपवाद फार कमी. ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’, ‘शाफ्ट’ने संपणारे सगळे ‘डी’, ‘शेन’ने संपणारे ‘डास’. आपल्याकडेही ‘पणा’ने संपलं की तो, ‘ता’ने संपलं की ती, ‘त्व’ने संपलं की ते. चांगुलपणा, सुंदरता, मातृत्व. त्यामुळे अशी व्यवस्था डोक्याला नवी वाटत नाही.

हट्टी शब्दांसाठी नादाचा आकडा, म्हणजे शब्द अडकवायचा हूक, लावतो. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅटकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1975 मध्ये स्टॅनफर्डला इंग्रजी भाषकांना 120 रशियन शब्द असेच शिकवले होते. परक्या शब्दासारखा ऐकू येणारा आपला शब्द घ्यायचा आणि दोन्ही एका चित्रात बसवायचे. ज्यांनी हे केलं ते बाकीच्यांच्या बरेच पुढे राहिले. उशीला किस्सन, म्हणून आमचा किसन उशीवर घोरतोय. पिशवीला टाशे, म्हणून बाजाराच्या पिशवीतून ताशा डोकावतोय. टोप्फला तर काहीच करावं लागत नाही, आपला टोपच तो. आकडा स्वतःच्या बोलीतला असला की चित्र झटकन उभं राहतं, म्हणून मी काही कार्डांवर मराठीऐवजी अहिराणी लिहिली आहे. मुलाचं कार्ड ‘आंडोर’, मुलीचं ‘आंडेर’.

एकसारख्या शब्दांची यादी एका बैठकीत करणं मी बंद केलंय. सगळे रंग, सगळी फळं, सगळे नातेवाईक अशा याद्या पुस्तकात सोयीच्या दिसतात, डोक्यात मात्र एकमेकांत मिसळतात. टिंकहॅमने 1993 मध्ये आणि वेअरिंगने 1997 मध्ये, या दोन संशोधकांनी हेच तपासून दाखवलं. त्याऐवजी एका कामाचे शब्द एकत्र घेतो. गेल्या रविवारी शेतात भरीत पार्टी होती. बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांचा जाळ, सोबत कळण्याची भाकरी. मी शेकोटीशी बसून प्रत्येक पायरी मनातल्या मनात जर्मनमध्ये बोलत होतो. ग्रिलन, वांगी उलटीपालटी भाजायची. शेलन, पोळलेल्या बोटांनी साल काढायची. श्टाम्पफन, लाकडी बडगीत ठेचायची. श्नायडन, कांद्याची पात चिरायची. ब्राटन, मिरची-लसूण तेलात परतायचं. श्ट्रॉयन, वरून कोथिंबीर भुरभुरवायची. ही सहाच्या सहा क्रियापदं दुसऱ्या दिवशी गाडीत पहिल्या फटक्यात आठवली, कारण प्रत्येकीमागे हाताची एक हालचाल होती. तक्त्यातून घेतलेली क्रियापदं मला अशी कधीच मिळाली नाहीत.

ऐकण्यासाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संथ वाचलेल्या बातम्या रोज एकदा लावतो. माझ्या पातळीच्या वरच्या आहेत, सगळं समजत नाही. पण कार्डावरचा शब्द तिथे अचानक कानावर पडला की त्याच्यापुरती उजळणी झाली.

सध्या अडलोय ते ‘कोमेन’ म्हणजे येणे, त्याच्या कुटुंबात. आनकोमेन म्हणजे पोहोचणे, मिटकोमेन म्हणजे सोबत येणे, बेकोमेन म्हणजे मिळणे. अँकीत एखादं कार्ड आठ वेळा चुकलं की ते जळू म्हणून बाजूला पडतं, आणि या कुटुंबातली निम्मी कार्डं तिथे जाऊन बसली आहेत. त्यांना एकमेकांपासून लांब ठेवून, प्रत्येकी एक वाक्य देऊन पुन्हा लिहितोय. गाडी जळगावला पोहोचली. आंडोर सोबत आला. मला पगार मिळाला. शेवटच्या वाक्यात आपला ‘मला’ जर्मनमध्ये ‘मी’ होतो, म्हणून त्या कार्डावर ‘मी पगार मिळालो’ असं कानाला खुपणारं वाक्य लिहिलंय. संक्रांतीपर्यंत हा गट तिसऱ्या कप्प्यात न्यायचा आहे. त्यानंतर याच पद्धतीने ‘श्टेएन’ म्हणजे उभं राहणे आणि त्याचा गोतावळा घेईन.