११८ मेल, एक फाईल आणि ‘उघडत नाही’

‘सगळे मेल एकाच फाईलमध्ये द्या, सुटे नकोत.’ ऑडिटवाल्यांचं म्हणणं एवढंच होतं. एका पुरवठादाराशी वर्षभर झालेला पत्रव्यवहार, आलेले आणि गेलेले मिळून ११८ मेल. जेवणाच्या सुट्टीआधी उरकेल असं मला वाटलं. उरकलं नवव्या दिवशी.

मेल गोळा करण्यात काही अडलं नाही. आउटलुकमध्ये नवा फोल्डर केला, पुरवठादाराच्या पत्त्यावर सर्च मारला आणि सापडलं ते त्यात टाकलं. माउसने ओढून टाकलं की मेल मूळ जागेवरून उठतो, कॉपी हवी असेल तर ओढताना कंट्रोल दाबून धरावं लागतं. हे मला साठेक मेल इनबॉक्समधून उठल्यावर कळलं, पण ते असो.

पहिला प्रयत्न सगळ्यात सोपा. सगळे मेल निवडले, फाईल, सेव्ह ॲज. एकापेक्षा जास्त मेल निवडले की तिथे टेक्स्ट हा एकच प्रकार मिळतो. क्षणात फाईल तयार, सगळे मेल एकाखाली एक. मी खूश. मग वाचायला घेतली तर दरांच्या कोष्टकाची पार खिचडी झालेली आणि जोडलेल्या फाईलींचा पत्ता नाही. ऑडिटला नेमकं ते कोष्टकच हवं होतं. तरीही सांगते, कुणी काय लिहिलं आणि कधी लिहिलं एवढंच दाखवायचं असेल तर हा मार्ग झकास आहे. यादी पडद्यावर ज्या क्रमाने दिसते त्याच क्रमाने मेल उतरतात, म्हणून आधी यादी जुन्यापासून नव्याकडे लावून घ्या.

प्रिंटमधून पीडीएफ करायला गेले तर तीन पानांवर नुसती मेलची यादी आली. टेबल स्टाईल निवडलेली राहिली होती. मजकूर हवा तर मेमो स्टाईल लागते. पण जोडलेल्या फाईलींचा प्रश्न तिथेही सुटेना, म्हणून नाद सोडला.

लेखा विभागातल्या एका मशीनवर ॲक्रोबॅट आहे, पीडीएफ बनवणारं विकतचं सॉफ्टवेअर, नुसतं वाचायचं रीडर नव्हे. ते असलं की आउटलुकच्या वरच्या पट्टीत ‘अडोबी पीडीएफ’ असा टॅब येतो. निवडलेल्या मेलची पीडीएफ कर म्हटलं की करतं. माझी फाईल काय देखणी झाली होती! बाजूला ११८ मेलची यादी, विषय, तारीख, पाठवणारा. यादीत टिचकी मारली की तो मेल समोर, जोडलेल्या फाईलीसकट. मी ती शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावून दाखवली आणि ऐटीत पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘फाईल उघडत नाही.’

माझ्याकडे उघडत होती. पुन्हा पाठवली. परत तेच, ‘उघडत नाही’. मेलमधून जाताना बिघडली असेल म्हणून शेअर्ड ड्राईव्हवर ठेवली. ‘उघडत नाही.’ नाव लांबलचक होतं, ते छोटं केलं. ‘उघडत नाही.’ तोपर्यंत पाच दिवस गेले होते. आमच्या साहेबांकडे तिकडून ‘कागदपत्रे प्रलंबित’ असा शेरा आला आणि साहेबांनी तो कसलंही स्पष्टीकरण न विचारता माझ्या टेबलावर आणून ठेवला. सहाव्या दिवशी मी फोन केला.

‘अहो, उघडतच नाही का?’

‘उघडते हो, पण आत काहीच नाही.’

सहा दिवसांत मिळालेली ही पहिली खरी माहिती. फोन ठेवला आणि सरळ त्यांच्या खोलीत गेले. ते गृहस्थ फाईल ब्राउझरमध्ये उघडत होते. पडद्यावर एकच पान, त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत, की हा पोर्टफोलिओ नीट पाहायचा तर ॲक्रोबॅटमध्ये किंवा रीडरमध्ये उघडा. त्यांनी ती जाहिरात समजून रोज फाईल बंद केली होती. रोज!

मी केलं होतं ते एक डॉक्युमेंट नव्हतंच. पोर्टफोलिओ म्हणजे एक डबा, आत ११८ वेगळ्या पीडीएफ आणि झाकणावर ती सूचना. ब्राउझरला त्या दिवशी फक्त झाकण दिसत होतं. डबा होतो तो एका टिकमुळे. त्याच अडोबी टॅबमध्ये ‘चेंज कन्व्हर्जन सेटिंग्ज’ उघडा, तिथे नवी फाईल करताना पोर्टफोलिओ बनवावा अशा अर्थाची ओळ आहे. तिच्यापुढची खूण काढली की मेल एकापाठोपाठ एक, साध्या पानांवर येतात. दोन मिनिटांचं काम. चूक माझीच, मान्य. पण समोर काय दिसतंय ते एका ओळीत लिहायला काय हरकत होती, हा राग अजून गेलेला नाही. आता मी कुणालाही फाईल पाठवण्याआधी ती ब्राउझरमध्ये उघडून बघते आणि ‘उघडत नाही’ असं आलं की पडद्याचा फोटो मागते.

साध्या पानांच्या फाईलीत जोडलेल्या फाईली आतल्या आत अडकवलेल्या राहतात, पानं म्हणून दिसत नाहीत. म्हणून त्या २३ फाईली बाहेर काढल्या, प्रत्येकीची पीडीएफ केली आणि मागे जोडल्या. नावांना ००१, ००२ असे आकडे द्या, नाहीतर काही सॉफ्टवेअरं १ नंतर थेट १० घेतात. फुकट जोडून देणाऱ्या वेबसाईटवर चढवा, असा सल्ला मला दोघांनी दिला होता, पण ऑफिसचे मेल तिथे चढवू नका.

पानं चारशेवर गेली, कारण प्रत्येक उत्तराखाली मागचं सगळं रामायण. आउटलुकमध्ये ‘क्लीन अप’ आहे, पुढच्या मेलमध्ये जसेच्या तसे आलेले जुने मेल ते काढून टाकतं, म्हणजे डिलीटेडमध्ये नेतं. ऑडिटसाठी ते करू नये, त्यांना प्रत्येक मेल हवा असतो. त्यापेक्षा पानांवर क्रमांक घाला. ॲक्रोबॅटमध्ये त्यासाठी बेट्स नंबरिंग आहे, मग ‘पान २१७ बघा’ म्हणता येतं.

जीमेलवाल्यांसाठी: एका संभाषणातले सगळे मेल ‘प्रिंट ऑल’ने एका पीडीएफमध्ये येतात, मात्र खाली पुन्हा आलेला जुना मजकूर छापताना झाकला जातो. वेगवेगळी संभाषणं त्यातून एकत्र होत नाहीत.

नवव्या दिवशी फाईल पोचली. उत्तरात एकच शब्द होता, ‘मिळाली’. त्यानंतरच्या आठवड्यात आयटीचा मुलगा सगळ्या मशीनवर नवं आउटलुक टाकत फिरत होता. नव्यात त्या अडोबी टॅबसारखी, बाहेरून जोडलेली जुन्या धाटणीची ॲड-इन चालत नाहीत. लेखा विभागातल्या त्या मशीनवर मी चिठ्ठी चिकटवून आले आहे: ‘मला विचारल्याशिवाय हात लावू नये.’