पुण्याचा एक पावसाळा पाहिलेलं लाकूड

आमच्याकडे बंदुकीचे दस्ते होतात, म्हणजे नळी आणि यंत्रणा ज्यात बसते आणि जो खांद्याला टेकतो तो लाकडी भाग. नळी, चाप, यंत्रणा यांना आम्ही हात लावत नाही, आमचं काम फक्त लाकडाचं. एअर रायफलींचे दस्ते जास्त, आणि परवानाधारक गनस्मिथांकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडून) येणाऱ्या जुन्या बंदुकांचे थोडे.

वडिलांचं फर्निचरचं काम होतं, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळ. 2004 साली एका रायफल क्लबाने काही दस्ते दुरुस्तीला पाठवले आणि मी या कामात शिरलो. तक्रार सगळ्यांची सारखीच होती: मे महिन्यात पक्का केलेला नेम जुलैत सरकतो.

कारण पुण्याच्या हवेत आहे. एप्रिलच्या दुपारी इथली आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली जाते, ऑगस्टमध्ये ऐंशीच्या वर. लाकूड त्या हिशेबाने ओलावा घेतं आणि सोडतं. लाकडातला ओलावा आठ टक्क्यांवरून चौदावर गेला, की 50 मिलिमीटर रुंदीचं अक्रोडाचं लाकूड अर्धा ते पाऊण मिलिमीटर फुगतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, सगळी हालचाल रुंदीत आणि जाडीत. त्यातच दस्त्याला किंचित पीळ पडला, तर पुढचा भाग नळीला एका बाजूने टेकतो आणि गोळी दुसरीकडे जाते.

यंत्रणा दस्त्याला आवळणाऱ्या स्क्रूचं दुखणं याहून जास्त छळतं. उन्हाळ्यात घट्ट आवळलेल्या स्क्रूखालचं लाकूड पावसाळ्यात फुगायला बघतं, पण त्याला जागाच नसते. तंतू चेपतात, ते कायमचे. पुढच्या उन्हाळ्यात लाकूड आटलं की स्क्रू सैल. म्हणून स्क्रूच्या भोकात आम्ही अॅल्युमिनियमची नळकांडी बसवतो, म्हणजे दाब धातूवर येतो.

गिऱ्हाईक हमखास विचारतं, सागवान का नको? साग खरंच कमी हलतो. पण मुठीपाशी दस्ता बारीक होतो, तिथे अक्रोडाचा चिवटपणा लागतो. फळ्या आल्या की दोन्ही माथ्यांना, म्हणजे आडव्या कापलेल्या टोकांना, मेण लावतो, कारण लाकूड माथ्यातून सगळ्यात भराभर वाळतं आणि तिथेच चिरतं. मग हवा खेळावी म्हणून मध्ये गुटके घालून थप्पी. जाडीच्या इंचाला वाळवणीचं एक वर्ष हा सुतारांचा जुना हिशेब आम्ही पाळतो. त्यानंतर ढोबळ आकार कापून तो ठोकळा पुन्हा एक पावसाळा तसाच ठेवतो, वाकायचं असेल तर तेव्हाच वाकू दे. पैसा अडकतो. सुरुवातीची वर्षं त्यामुळे ओढाताणीची गेली, घाई असलेले लोक दुसरीकडे गेले. तरी ही पायरी मी कधी गाळली नाही, गाळणारही नाही.

अखेरची बैठक, म्हणजे नळी आणि यंत्रणा बसायची खाच, कोरतो ती ओलावा मोजायच्या मीटरवर दहा-अकरा टक्के दिसल्यावर, म्हणजे लाकूड फुगताना आणि आटताना सारखंच हलेल. नळीभोवती मोकळी फट ठेवतो. जवसाचं तेल ओलावा थांबवत नाही, फक्त त्याचा वेग कमी करतं. बरेच जण बाहेरून तेल चोळून चकाकी आणतात, आतली खाच आणि खांद्याकडच्या मागच्या पट्टीखालचा माथा मात्र कोरडा सोडतात. पाणी नेमकं तिथूनच शिरतं. आम्ही आधी आतून भरतो, मग बाहेरून.

बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर सराव करणारी मुलं आता बरीचशी अॅल्युमिनियमच्या दस्त्यांकडे वळली आहेत. स्पर्धेसाठी ते योग्यच आहे. त्यांच्यासाठी आम्ही अक्रोडाच्या मुठी आणि गाल टेकवायच्या पट्ट्या करतो, हाताच्या मापाने. पूर्ण दस्त्याची ऑर्डर पावसाळ्यातही घेतो, पण बैठक कोरायला दिवाळीनंतरच सुरुवात होते.