तिथीची पाऊणपट

आज चतुर्थी. चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास खाडीला भरती. अप्पांना जाऊन वर्ष होत आलं, तरी कालनिर्णय बघताना आधी हा हिशेब होतो, चंद्रोदयाची वेळ मग दिसते.

अप्पा म्हणजे माझे वडील. वाशीत आमच्या सेक्टरमध्ये त्यांना सगळे कॅप्टनसाहेब म्हणत. जन्म १९४० चा, पेण तालुक्यातल्या खारपट्टीतला. तिथे शेती टिकते ती बांधामुळे, आणि बांध टिकतो तो उघाडीमुळे. उघाडी म्हणजे बांधातल्या मोरीची झडप. भरतीचं पाणी बाहेरून रेटायला लागलं की ती मिटते, ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी तिला उघडून खाडीत जातं. बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरायचं आणि पुढची काही वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. कंदिलाच्या उजेडात अख्खं गाव चिखलाचे गोळे हातोहात पुढे देतंय, ही अप्पांची पहिली आठवण. तिथीवरून भरती काढायला त्यांना आजोबांनी शिकवलं, मला त्यांनी.

१९६२ ला पुण्यात सिव्हिलची पदवी हातात पडली आणि त्याच ऑक्टोबरात चीनचं आक्रमण झालं. तरुण इंजिनिअर सैन्याला हवे होते. अप्पांनी इमर्जन्सी कमिशन घेतलं, म्हणजे आणीबाणीपुरती अधिकाऱ्याची नेमणूक. आजोबांनी एवढंच विचारलं, "तिकडं बांधायचं का पाडायचं?" अप्पा म्हणाले, "दोन्ही." हे सांगताना दरवेळी त्यांचा आवाज हळू व्हायचा.

लोक त्यांना लढाईचं विचारायचे आणि ते बेली पुलाचं सांगायचे. दहा फुटी पोलादी पॅनेल, वजन ५७० पौंड, उचलायला सहा माणसं. क्रेन नाही, वेल्डिंग नाही, नुसत्या पिना ठोकायच्या आणि एका काठावर जोडत जोडत पूल रोलरवरून पलीकडे ढकलायचा. "सहातला एक जरी अर्धा क्षण उशिरा वाकला ना, तर पाचांच्या कमरा जातात," असं ते म्हणत. आमच्याकडे कपाट हलवायचं असलं तरी सगळ्यांचे हात लागल्याशिवाय ते 'उचल' म्हणायचे नाहीत. त्यांच्या टोपीवरचा कोअर ऑफ इंजिनिअर्सचा बिल्ला आईच्या दागिन्यांच्या डब्यात असायचा. त्यावरचा 'सर्वत्र' हा शब्द मी शाळेत जायच्या आधी वाचायला शिकले.

१९६५ च्या सप्टेंबरात ते पंजाबात होते. लढाईबद्दल फार बोलले नाहीत. खेमकरणजवळ असल उत्तरला आपल्या लोकांनी पाणी सोडून शेतांचा चिखल केला आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्यात रुतले, ते मात्र रंगवून सांगत. अप्पा त्या तुकडीत नव्हते, पण पाणी कुठे अडवावं आणि कुठे सोडावं हे कळणारा माणूस त्यांना कायम मोठा वाटला.

ते खरं बोलायचे युद्धबंदीनंतरच्या दिवसांबद्दल. २३ सप्टेंबरला तोफा थांबल्या. मग आपणच पेरलेले सुरुंग आपणच काढायचे होते. गव्हाच्या पेरणीचे दिवस जवळ येत होते, शेतकरी रोज सकाळी लांब उभे राहून बघायचे. सुरुंग लावताना नकाशा काढावा लागतो: कुठल्या विहिरीपासून, होकायंत्राच्या किती अंशांवर, किती अंतरावर, किती रांगा. त्या शेताचा नकाशा ज्या अधिकाऱ्याने काढला होता, त्याची बदली झाली होती. अप्पा आडवे पडून, टोचणी तिरकी धरून, बोटभर बोटभर माती चाचपत पुढे जायचे. सरळ खाली टोचायचं नाही, सुरुंगाच्या डोक्यावर दाब येतो. तिरकं गेलं तर कुशीला लागतं. शेवटी आकडा जुळला नाही. एक कमी. तीन दिवस शोधलं. पावसाने तो सरकून पाटाच्या कडेला गेला होता. "नकाशा चुकला नव्हता गं," अप्पा सांगायचे. "नकाशा होता म्हणून तर कळलं, की एक राहिलाय. नकाशा काढणारा पोरगा मला कधी भेटला नाही. त्याचं अक्षर मात्र अजून डोळ्यांपुढे आहे."

१९६८ ला सैन्यातून मोकळे झाले, दोन-तीन ठिकाणी साइटवर राहिले आणि १९७२ ला सिडकोत लागले. सिडको तेव्हा दोन वर्षांची. खाडीवरचा पूल व्हायचा होता, तो १९७३ ला सुरू झाला. लोकल वाशीत यायला १९९२ उजाडलं. आम्ही राहायला आलो तेव्हा रात्री कोल्हेकुई ऐकू यायची. आई घाबरायची.

त्यांच्या आवडीची गोष्ट म्हणजे होल्डिंग पॉण्ड, धारण तलाव. खाडीलगतचा वाशीचा भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली तर नाल्याचं पाणी खाडीत जाणार कसं? म्हणून ते आधी तलावात साठवायचं आणि ओहोटी लागली की सोडायचं. तोंडाशी लोखंडी झडपा, समुद्राच्या रेट्याने मिटणाऱ्या. लोक याला डच पद्धत म्हणतात. अप्पा म्हणायचे, "डच असेल. मला तर ही आमच्या बाबांची उघाडी दिसते."

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि दुपारी भरती होती. अप्पा तेव्हा ६५ वर्षांचे, निवृत्त. छत्री घेऊन वाशीतल्याच मिनी सी-शोअरला, धारण तलावाशी गेले ते अंधार पडल्यावर आले. आई रडून रडून थकली होती. चिंब कपड्यांतच ते टेबलाशी बसले आणि कितीला पाणी कुठल्या पायरीला होतं, झडप किती वाजता हलली, ते पेन्सिलीने लिहून काढलं. मगच टॉवेल घेतला.

तशी अकरा लेव्हल बुकं, म्हणजे मोजणीच्या नोंदवह्या, घरात सापडली. पिवळी पडलेली, कोपरे मुडपलेले. नोकरीतली आकडेमोड नाही ही, निवृत्तीनंतरच्या फेरफटक्यांची आहे. तारीख, तिथी, पाण्याची पातळी, गाळ, तिवरं तलावात किती आत सरकली. २०११ च्या एका पानावर नुसतंच लिहिलंय, 'झडप अर्धी. खाली गोणपाट अडकलं आहे. कळवलं.' पुढची चार पानं त्याच झडपेची, प्रत्येक नोंदीखाली 'कळवलं.' पाचव्या पानावर, 'निघालं.' शब्दाखाली दोन रेघा. इतका आनंद त्यांनी माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरही दाखवला नव्हता, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. झडप अडकली की कोणाच्या घरात पाणी येतं, हे ते लहानपणापासून जाणून होते.

गेल्या महिन्यात मोरीची भिंत ओली दिसायला लागली. प्लंबर आला. सगळ्या टाइल्स फोडाव्या लागतील म्हणाला. मला आठवलं, आणि मी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला ट्रेसिंग पेपर चिकटवलेला आहे: घरातली प्रत्येक लपलेली पाइप, चौकटीपासून किती इंचांवर, जमिनीपासून किती उंच, सांधे कुठे, कधी बदलले. खाली बारीक अक्षरात, 'दुरुस्ती करणाऱ्यासाठी.'

त्याने बराच वेळ तो कागद पाहिला. मग टेप लावून भिंतीवर खूण केली आणि एकच टाइल काढली. सांधा तिथेच होता.

"कोणी काढलाय हो ताई हा?"

"माझ्या वडिलांनी."

त्याने हात पुसले, मोबाइल काढून त्या कागदाचा फोटो घेतला, आणि खिशातलं पेन मला देत म्हणाला, "आजची तारीख टाका खाली. सांधा नवीन बसवला म्हणून."