टाकी न लागलेला दगड

नोव्हेंबर २०१९. कैरोच्या तहरीर चौकातलं जुनं म्युझियम, माझा ३१ जणांचा ग्रुप. तुतनखामुन राजाचा सोन्याचा मुखवटा बघायला वरच्या मजल्यावर निघताना डोकी मोजली, तर ३०.

टूर मॅनेजरचा अर्धा दिवस डोकी मोजण्यात जातो. बसमध्ये, तिकिटांपाशी, टॉयलेटच्या बाहेर. म्युझियममध्ये माहिती सांगायची ती परवाना असलेल्या इजिप्शियन गाइडनंच. तिचं इंग्रजी मी मराठीत आणतो. तेव्हा एवढ्या म्युझियमला दोन तास, आणि त्यातली ४० मिनिटं मुखवट्यासाठी राखलेली असायची, कारण माहितीपत्रकावर फोटो त्याचा असायचा. हा अन्याय होता. दर सीझनला ऑफिसात सांगायचो, कुणी ऐकायचं नाही.

राहिले होते ते आप्पा. वय ७४, साताऱ्याकडचे पाथरवट, मुलानं हौसेनं पाठवलेले. खाफ्रेच्या पुतळ्यापाशी सापडले.

"आप्पा, सगळे वर गेले. चला."

"थांब की जरा. ह्याला टाकी कुठं लागलीया, ते बघतोय."

खाफ्रे म्हणजे गिझाच्या दुसऱ्या पिरॅमिडचा राजा, साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. पुतळा १६८ सेंटिमीटर उंच, गडद दगडाचा, अंगावर पांढुरक्या शिरा. समोरून नुसता राजा दिसतो. बाजूला गेलं की डोक्यामागे पंख पसरून बसलेला ससाणा, म्हणजे होरस देव. १८६० मध्ये गिझाच्या मंदिरातल्या खड्ड्यात सापडला. एवढं मला तोंडपाठ.

आप्पा हात पाठीमागे बांधून प्रदक्षिणा घालत होते. त्यांचा जन्म काळवत्री दगडावर गेला: जाती, पाटे-वरवंटे, देवळांच्या पायऱ्या. मला वाकायला लावून त्यांनी लांबूनच उजव्या गुडघ्याकडे बोट केलं. "वाटीची कड बघ. शेवटचा हात टाकीचा असता, तर तिची खूण राहिली असती. घासून काढलाय ह्यो. किती दीस घासला आसंल!"

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे ऐकत मी वाढलो. इथे समोर देव मानलेला राजा, आणि घाव कुठेच नाही.

आम्हाला शोधत गाइड खाली आली. तिला विचारलं. त्या काळात लोखंडाची अवजारं नव्हती, तांब्याची छिन्नी या दगडावर बोथट होते. कठीण दगडाचे गोळे हाणून आकार काढायचा, मग वाळूनं घासत बसायचं. दगड आणलेला इजिप्तच्या दक्षिण टोकाला, अबू सिंबेलजवळच्या वाळवंटातून, आठशे किलोमीटरांहून लांब.

"वाळू. मग बरोबर," आप्पा म्हणाले.

मी त्यांना वर नेलं. रांग, ढकलाढकली, काचेपुढे जेमतेम मिनिटभर. दहा किलो सोनं. आप्पांनी नीट बघितलं. "चांगलंय. पर सोनं मऊ आसतं, पोरा." मग विचारलं, "खाली जाऊन येऊ का?"

मी नाही म्हटलं. बस आली होती.

त्या 'नाही'ला आता बरीच वर्षं झाली. दहा मिनिटं कुठूनही काढता आली असती. जेवण दहा मिनिटं उशिरा झालं असतं, एवढंच. इतक्या सहलींत तो दगड वाचता येणारा हा एकच माणूस माझ्याबरोबर आला, आणि त्यालाच मी सगळ्यांनी आधीच फोटोत बघितलेल्या वस्तूच्या रांगेत उभं केलं. मी स्वतः त्या गुडघ्याकडे त्याआधी कधी बघितलंच नव्हतं.

तीन दिवसांनी अस्वानहून अबू सिंबेलला निघालो. पहाटे चारची बस, जवळजवळ २८० किलोमीटर वाळवंट, सगळे झोपलेले. त्या दगडाची खाण कुठल्या अंगाला, हे आप्पांनी मला गाइडला विचारायला लावलं. उजवीकडे, खूप आत. रस्त्यावरून दिसत नाही, ती म्हणाली. आप्पा उठून उजव्या खिडकीशी बसले आणि उजाडेपर्यंत बाहेर बघत राहिले.

चहाला थांबलो तेव्हा रस्त्याकडेला जाऊन त्यांनी चिमूटभर वाळू उचलली, अंगठ्याखाली घोळवली. "खरखरीत हाय," म्हणाले. "हिनं घासंल."