वेशीपर्यंतची वारी

दिंडी गावाच्या वेशीवर आली आणि आण्णांची पावलं थांबली. सवयीनं. ते मागं वळायला लागले, तेव्हा मीच त्यांचा हात धरला. "आण्णा, औंदा पुढं जायचंय."

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते, भाऊ चार. तोवर आण्णांची एकही आषाढी चुकलेली नव्हती. पाटोदा तालुक्यातल्या आमच्या गावची दिंडी पैठणला जाऊन नाथांच्या पालखीला मिळते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला प्रस्थान, मग आषाढी एकादशीपर्यंत नुसतं चालणं. एवढे दिवस लेकरं कुणाच्या ओसरीवर टाकायची? मामा-मावश्या तयार होत्या, आण्णा नव्हते. पुढं आमची शाळा, फी, माझं लग्न. अशा २६ आषाढ्या ते दिंडीला वेशीपर्यंत घालवायला गेले. वीणेकऱ्याच्या पाया पडून परत यायचे आणि चुलीपुढं भाकरी थापायला बसायचे. माझी वेणीसुद्धा तेच घालायचे. इतकी घट्ट, की कपाळ ताणायचं.

वारी सुटली, पण फाल्गुनात नाथषष्ठीला आम्हाला घेऊन पैठण गाठायचेच. भाऊ खांद्यावर, मी बोटाला. गोदावरीच्या काठावर दर वर्षी तीच गोष्ट सांगायचे: तापलेल्या वाळूत रडणारं लेकरू, त्याला जातपात न विचारता कडेवर घेणारे नाथ. लहानपणी मला वाटायचं, हे आण्णांनी डोळ्यांनी पाहिलंय.

यंदा मिरगाचा पाऊस वेळेवर झाला. कापूस लावून झाला, पुढचं भावानं अंगावर घेतलं आणि मी रजा टाकली.

तिसऱ्या दिवशी माझ्या तळव्याला फोड आले. आण्णांचे गुडघे माझ्याहून जास्त दुखत होते, हे त्यांच्या चालण्यावरून कळायचं. तरी मुक्कामाला टेकलं की आधी माझ्यासाठी गरम पाणी. "पाय बुडीव, माय. फोड फोडू नको." खर्ड्याच्या पुढं पावसानं गाठलं. त्यांनी प्लास्टिकचा कागद माझ्या डोक्यावर धरला आणि स्वतः भिजत अभंग म्हणत राहिले. मी तेहतीस वर्षांची बाई, पण त्या कागदाखाली सात वर्षांचीच होते.

चंद्रभागेच्या वाळवंटात पोचलो. कळस दिसला. आण्णांनी हात जोडले. बराच वेळ ओठ हलत होते, आवाज नव्हता. भोवती सगळे एकमेकांच्या पाया पडत होते.

आमच्याकडं लेक बापाच्या पाया पडत नाही. लहानपणापासून कधीही वाकले, की ते पाय मागं घ्यायचे. आताही घेतले.

"आण्णा, इथं मी लेक न्हाई," मी म्हणाले. "वारकरी हाय."

ते काही बोलले नाहीत. टाचांच्या भेगांत वाटेवरची काळी माती बसली होती. मी दोन्ही पावलं धरली. या वेळी त्यांनी ती ओढून घेतली नाहीत. मग दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकवत तेही वाकायला लागले.