नववा रकाना

आमच्या कार विम्याच्या फॉर्मवर आठव्या क्रमांकाला जन्मतारीख, दहाव्याला व्यवसाय आणि मधे नवव्याला 'लिंग'. पु किंवा स्त्री, एकावर खूण करायची. विमा कंपनीत दर ठरवणाऱ्या खात्यात मी एकोणीस वर्षं काढली आणि त्यातली निदान पंधरा वर्षं या रकान्याबद्दल माझ्या मनात काही आलंच नाही. 'पु' आणि वय विशीच्या आतलं असेल तर मूळ दराला मोठा गुणक लावायचा, 'स्त्री' असेल तर लहान. झालं काम.

मग एक दिवस एक कॉल आला. ग्राहकांचे कॉल एरवी आमच्यापर्यंत पोचत नसत, पण हप्ता का बदलला हे खाली कुणालाच सांगता येईना म्हणून तो फिरत फिरत माझ्या टेबलावर आला. पलीकडे बावीस वर्षांची मुलगी. लायसन्सवर आधी 'पु' होतं, आता रीतसर कागद बदलून 'स्त्री' झालं होतं. नाव बदललं होतं. तेवढं तिने आम्हाला कळवलं आणि दुसऱ्याच महिन्यात तिचा हप्ता वाढला.

"मॅडम, मुलींचा हप्ता कमी असतो ना? मग माझा वाढला कसा?"

मी स्क्रीन उघडली. घोळ लगेच सापडला. पॉलिसी एकदा दिली की आमचं सॉफ्टवेअर नवव्या रकान्याला हात लावू द्यायचं नाही. त्यामुळे कुणीतरी भल्या हेतूने जुना ग्राहक बंद करून नवा ग्राहक उघडला होता. नव्या ग्राहकाची नोंद अशी: स्त्री, वय २२, नो क्लेम बोनस शून्य. चार वर्षं एकही क्लेम न केल्याची सूट जुन्या नावाबरोबर गेली. 'स्त्री' या अक्षराने जेवढं वाचलं त्याहून जास्त या शून्याने घालवलं.

मी हे समजावून सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे माझं नाव बदललं ते तुमच्या मशीनला पटलं. चार वर्षं मी गाडी कुठेही ठोकली नाही, ते नाही पटलं."

"बघते," म्हणाले आणि फोन ठेवला. दुसरं काय म्हणणार?

हा रकाना काही कुणाच्या खोडसाळपणातून आलेला नाही, हे मला आधी सांगायला हवं, नाहीतर जुने सहकारी रागावतील. हप्त्याचं गणित साधं असतं: क्लेम किती वेळा येतो आणि आला तर कितीचा येतो, या दोन्हींचा गुणाकार. तरुण मुलांच्या बाबतीत दुसरा आकडा घात करतो. पार्किंगमध्ये दार घासणं सगळ्यांकडूनच होतं. भरधाव, रात्री, चार मित्रांना घेऊन झालेले अपघात मात्र मुलांच्या खात्यात जास्त जमा होतात आणि अशा एका अपघातात शेकडो ओरखड्यांचे पैसे जातात. त्यात पुरुष सरासरीने किलोमीटरही जास्त तोडतात. म्हणजे ज्याला आम्ही 'पु' म्हणून गुणत होतो, त्यातला काही भाग नुसता रस्त्यावर जास्त वेळ असण्याचा होता.

हा फरक तिशीच्या आसपास बराच विरतो. अमेरिकेत तर काही कंपन्या चाळिशीनंतर बाईलाच थोडा जास्त दर सांगतात. हे मला कळलं तेव्हा मी नेमकी चाळिशीत होते, त्यामुळे ते जरा जास्तच लागलं.

तरी रकान्याच्या बाजूचा मुद्दा खरा आहे. काल लायसन्स मिळालेल्या पोराची पाटी कोरी असते. तो कसा चालवेल हे कळायला निदान दोन वर्षं लागतात आणि हप्ता आज सांगायचा असतो. मग हाताशी जे असेल ते धरायचं: वय, गाडी, पत्ता, लिंग.

युरोपने हे बंद केलं. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशात लिंगावरून सेवा नाकारायची नाही किंवा महाग करायची नाही असं ठरलं होतं, पण विम्यासाठी पाचव्या कलमात एक पळवाट ठेवली होती: आकडेवारी दाखवा आणि वेगळे दर लावा. टेस्ट-अशा नावाची बेल्जियमची ग्राहक संघटना याविरुद्ध उभी राहिली आणि १ मार्च २०११ ला युरोपीय न्यायालयाने पळवाट रद्द केली. २१ डिसेंबर २०१२ पासून नव्या पॉलिसींना एकच दर. तरुण मुलींचे हप्ते मुलांच्या हप्त्याकडे सरकले.

आमचे साहेब तेव्हा चिडून म्हणाले होते, "पोरांनी गाड्या आपटायच्या आणि पोरींनी पैसे भरायचे, याला तुम्ही समता म्हणता?" मला उत्तर सुचलं नव्हतं. आजही ते वाक्य पूर्ण खोडता येत नाही. रकाना काढला की कुणाचा तरी हप्ता वाढतो, आणि हे लपवून जो समतेवर बोलतो त्याचं मला पटत नाही.

पण या वादातलं दुसरं टोक मला नंतर वाचायला मिळालं. लॉस एंजेलिसचं पाणी-वीज खातं बायकांच्या पगारातून पेन्शनसाठी जवळजवळ पंधरा टक्के जास्त कापायचं, का तर बायका जास्त जगतात. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. बायका सरासरीने जास्त जगतात हे न्यायालयाने मान्य केलं; पण ही अमुक बाई जास्त जगेलच असं नाही, आणि कायदा अमुक बाईला ओळखतो. कॅनडात १९९२ मध्ये नेमकं उलट झालं. जास्त हप्ता भरणाऱ्या एका तरुणाची तक्रार सर्वोच्च न्यायालयात हरली, कारण त्या काळी दुसरा व्यवहार्य मार्ग नव्हता. मात्र विमा कंपन्यांनी कायम यावर विसंबून राहू नये, हेही त्या निकालात आहे.

त्याच कॅनडात, अल्बर्टामध्ये, २०१८ साली एक बातमी गाजली. एका तरुणाला नवी शेव्हरोले क्रूझ घ्यायची होती. स्त्री असता तर वर्षाला सुमारे अकराशे डॉलर वाचले असते हे त्याला कळलं. पठ्ठ्याने डॉक्टरची चिठ्ठी मिळवली, जन्मदाखल्यावर लिंग बदलून घेतलं आणि पैसे वाचवले. स्वतःला स्त्री मानत नाही हे त्याने उघड सांगितलं. ही बातमी आमच्या ऑफिसात महिनाभर चघळली गेली. "बघा, आता सगळेच असं करणार!"

मला हसू यायचं. मुलाची गाडी आईच्या नावावर दाखवून हप्ता पाडायचा, हा प्रकार विम्याच्या धंद्यात इतका जुना आहे की इंग्रजीत त्याला 'फ्रंटिंग' असं नावच आहे. त्यावरून कुणी आयांवर संशय घेतलेला मी पाहिला नाही. पारलिंगी माणसाचा विषय आला की मात्र एका लबाडाची गोष्ट सगळ्यांना पुरते. कागद बदलायला काय काय सोसावं लागतं, हे त्या मुलीच्या फाइलमधल्या जोडपत्रांवरूनही दिसत होतं. हप्त्यासाठी एवढं कुणी करत नाही. करणारा एखादा, आणि त्याची बातमी होते.

जे पु नाहीत आणि स्त्रीही नाहीत, त्यांचं काय? ओरेगॉनने २०१७ पासून लायसन्सवर 'एक्स' ही खूण दिली. आता दर ठरवणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. आमच्याकडे अशा ड्रायव्हरांचे क्लेम मुठीत मावतील इतके. तेवढ्यावर दर काढता येत नाही. मग पुरुषाचा लावा, स्त्रीचा लावा, नाहीतर दोन्हींची सरासरी. तिन्ही मनचे आकडे. ज्या रकान्याचं समर्थन 'आम्ही फक्त आकडे बघतो' असं होतं, तिथे आकडेच नव्हते. आणि खरं बोलायचं तर त्या मुलीसाठीही नव्हते. तिला 'पु'च्या तक्त्यात का टाकलं, 'स्त्री'च्या तक्त्यात का आणलं, याला लायसन्सवरच्या अक्षराशिवाय माझ्याकडे कारण नव्हतं.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१९ ला दोन गोष्टी एकदम झाल्या: लायसन्सवर तिसरी खूण आली आणि गाडीच्या विम्याच्या दरातून लिंग गेलं. तिथे त्यांना सोपं पडलं असावं. १९८८ च्या जनमत-कायद्यानेच आधी ड्रायव्हिंगची नोंद, मग वर्षभरात तोडलेलं अंतर, मग अनुभवाची वर्षं, असा क्रम लावून दिला होता. मला हा क्रम आवडतो. त्या मुलीची चार वर्षं त्यात पहिल्या नंबरला असती.

रकाना काढून मात्र भागत नाही. युरोपात व्यवसाय, मॉडेल, इंजिन यांचा दरावरचा प्रभाव राहिला. गवंडी किती बायका असतात आणि बालवाडीत किती पुरुष? दहावा रकाना गुपचूप नवव्याचं काम करायला लागतो.

ब्रेक किती जोरात दाबला, वेग किती होता हे मोजणारा गाडीतला डबा मला यापेक्षा बरा वाटतो. तोही साधुसंत नाही. रात्री अकरानंतर गाडी चालवली की गुण कापतो, मग ती पार्टीहून येणारी कार्टी असो की रात्रपाळी संपवून घरी जाणारी नर्स. पण नर्सला निदान वाद घालता येतो: ही वेळ माझ्या नोकरीची आहे. नवव्या रकान्याशी काय वाद घालणार?

तिचा बोनस हाताने परत चढवायला अडीच आठवडे लागले. चार खात्यांच्या सह्या, आणि 'दोन्ही ग्राहक एकच' असं माझं पत्र. पैसे परत मिळाल्यावर तिची एका ओळीची मेल आली: "या वर्षीही ठोकली नाही."

मी सोडायच्या आधीच्या वर्षी नववा रकाना काढण्याची बैठक झाली. दरातून लिंग वगळायला सगळे तयार झाले, साहेबसुद्धा, कुरकुरत. अडलं ते आयटीवाल्यांपाशी. नऊ काढला तर दहाचा नऊ होणार, अकराचा दहा, आणि जुन्या सगळ्या पॉलिसींचा मेळ तुटणार. शेवटी फॉर्म तसाच ठेवला. आठव्याला जन्मतारीख, दहाव्याला व्यवसाय, आणि मधे करड्या चौकटीत बारीक अक्षरात: '९. भरू नये.'