रोज सकाळी २००९

बाबांना झोपण्यापूर्वी घरभर एक फेरी मारायची सवय आहे. गॅसचा कॉक, मागच्या दाराची कडी, गिझर, टीव्ही, कॉम्प्युटर. सगळीकडची बटणं भिंतीवरून बंद. खट्, खट्, खट्. मग दिवा मालवून झोप. साताऱ्याच्या घरात ही फेरी माझ्या जन्माआधीपासून चालू असावी.

तो कॉम्प्युटर २००९ सालचा. असेंबल केलेला, कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम. त्यावर विंडोज ७ होतं. १४ जानेवारी २०२० ला मायक्रोसॉफ्टने त्याला आधार देणं थांबवलं, तरी बाबांचं काही अडलं नाही. अडलं ते ब्राउझरचं. एकेक साइट उघडेनाशी झाली. शिवाय खालच्या कोपऱ्यातली तारीख रोज सकाळी मागे जायची, थेट १ जानेवारी २००९. बाबा चहा घेता घेता ती दुरुस्त करायचे, भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून. मला वाटायचं, म्हातारा झालाय, विसरतो. (कॉम्प्युटर.)

दिवाळीत मी पुण्याहून येताना २४० जीबीची एक एसएसडी, म्हणजे नव्या जातीची वेगवान डिस्क, घेऊन आलो. बेत साधा होता. जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवायची, कारण तिच्यावर बाबांची पत्रं, सोसायटीचे हिशेब आणि ताईच्या लग्नाचे फोटो. नव्या डिस्कवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकायची, त्यातही हलकं असतं ते, एक्सएफसीईवालं. त्याला किमान २ जीबी रॅम लागते. म्हणजे आम्ही काठावर पास.

मिंट पेनड्राईव्हवरून बसवायचं होतं, आणि पहिली दुपार त्या पेनड्राईव्हनेच खाल्ली. कोणत्या डिस्कवरून चालू व्हायचं ते बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, ठरतं. तिथल्या यादीत यूएसबीचे तीन-चार प्रकार होते, एकेक लावून पाहिला, काही होईना. शेवटी पेनड्राईव्ह सापडला तो हार्ड डिस्कच्या पोटयादीत. स्वारी स्वतःला हार्ड डिस्क समजून तिथे जाऊन बसली होती. त्याला वर ओढलं आणि तासाभरात मिंट बसलं. मग त्याच पोटयादीत एसएसडीला पहिला नंबर दिला, तीनदा बंद-चालू करून पाहिलं. तिन्ही वेळा मिंट आलं. मी विजयी मुद्रेने पुण्याला परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन.

"अरे, तुझं ते लिनक्स गेलं."

"गेलं म्हणजे?"

"गेलं म्हणजे गेलं. जुनंच आलंय."

शनिवारी परत साताऱ्याला. बघतो तर खरंच विंडोज. बायॉसमध्ये जुनी डिस्क पुन्हा पहिल्या नंबरावर. मला वाटलं, ग्रब नीट बसलं नसेल. हा ग्रब म्हणजे चालू होताना डिस्कवरून सगळ्यात आधी जागा होणारा आणि बाकीच्यांना उठवणारा गडी. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर त्याचं पहिलं पाऊल ४४६ बाइटांत बसवावं लागतं. यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे तेवढ्या जागेत मराठी पत्राचा मायना आणि खुशाली एवढंच मावेल. तेवढ्यातून अख्खी सिस्टीम उभी करायची. बूट हा शब्दच मुळी स्वतःच्या बुटाचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्यावरून आला. आपल्याकडे हे काम स्वतःच्याच खांद्यावर बसण्याइतकं अशक्य मानतात, आणि हा खोका ते रोज करतो. तर मी ग्रब पुन्हा बसवला. एसएसडीला पहिला नंबर दिला. मिंट आलं. रविवारी संध्याकाळी निघालो.

सोमवारी साडेसात. "जुनंच आलंय रे."

विक्रमाने वेताळाला खांद्यावर घ्यावं आणि त्याने पुन्हा झाडाला जाऊन लटकावं, तसं महिनाभर चाललं. केबल बदलली. रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरने घासल्या, हा आपला राष्ट्रीय उपाय. मी असेन तोवर यंत्र शहाण्यासारखं वागायचं. माझी पाठ वळली की विंडोज.

शेवटी एका सोमवारी फोनवरच म्हटलं, "बाबा, बटण दाबल्यापासून पडद्यावर काय काय येतं ते वाचून दाखवा. सगळं."

बाबा निवृत्त शिक्षक. हजेरी घ्यावी तसं वाचायला लागले. "सी, एम, ओ, एस. चेकसम एरर. डिफॉल्ट्स लोडेड. मग एफ वन दाबायला सांगतो, तो मी दाबतो."

"हे कधीपासून येतंय?"

"झाली की चार-पाच वर्षं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

मदरबोर्डवर एक चपटा गोल सेल असतो, सीआर २०३२. नावातच माप, २० मिलिमीटर व्यास, ३.२ जाडी. तारीख, वेळ आणि कोणती डिस्क आधी, एवढं लक्षात ठेवणाऱ्या सीएमओएस या छोट्या स्मृतीला तो जागं ठेवतो. तो मेला तरी भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर चालतं, कारण कॉम्प्युटर बंद असतानाही एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, मदरबोर्डला थोडी वीज देत राहतो. मी दिवसभरात कितीही वेळा बंद-चालू केलं तरी ते बटण चालूच असायचं. रात्री बाबांची फेरी व्हायची. खट्. यंत्र सगळं विसरायचं आणि सकाळी २००९ सालात जागं व्हायचं, जेव्हा एसएसडी नव्हती, मिंट नव्हतं, आणि जुनी डिस्क हीच घरची थोरली होती. रोज बदलणारी ती तारीख माझ्या डोळ्यांसमोर होती. मी ग्रब बसवत राहिलो.

सेल राजवाड्याजवळ एका घड्याळवाल्याकडे मिळाला. चाळीस रुपये. जुना काढायला खिळ्याचं टोक पुरलं. बाबांनी तो तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला, लागला तर असावा म्हणून.

"आता तुम्ही रात्री बटण बंद केलंत तरी चालेल," मी म्हटलं.

"ते मी करणारच होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर उठलो. बाबांनी कॉम्प्युटर लावला. एफ वन विचारलाच नाही, तरी त्यांचं बोट तिथेच जाऊन थांबलं होतं. मिंटचं हिरवं चिन्ह आलं. बाबांनी कोपऱ्यातली तारीख वाचली, चहाचा कप घेऊन उठले, कालनिर्णयापाशी गेले, चष्मा वर करून पाहिलं आणि परत येऊन बसले.

"बरोबर आहे," म्हणाले.